आकडीच्या सुईचा प्रवास

मराठीत ‘बाळंतविडा’ असा एक शब्द आहे. विडा म्हटला म्हणजे पानसुपारी डोळ्यांपुढे येते. परंतु या विड्यात पान नसते. त्यात असतात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, एखादी कुंची, लोकरीचे इवलेसे पायमोजे, आणि बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, अळीव, शेपा असा जिन्नस. माहेरची माणसे, आत्या, मावश्या, मैत्रिणी, शेजारणी आपापल्या ऐपतीप्रमाणे हा विडा पाठवितात. यांतील खाण्याच्या जिनसांचा इतिहास वैद्यकाने सांगावा. मला आज सांगावयाचे आहे ते त्यातील शिवलेल्या आणि विणलेल्या वस्तूंविषयी, आणि त्यांतही विशेषेकरून एका हत्याराविषयी. ते हत्यार म्हणजे टोकाशी किंचित वाकलेली क्रोशाची सुई. टोपड्याच्या कडेची जाळी, मोज्यांची नाडी, दुपट्याची किनार या सुईने होते, आणि ती आपल्या घरात येण्यापूर्वी फार लांबवर फिरून आली आहे.

तत्पूर्वी आपल्याकडची जुनी रीत पाहू. नव्या जिवाच्या अंगाला पहिले वस्त्र लागे, ते बहुधा नवे नसे. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर, हेच फाडून बाळोती आणि लंगोट होत. ‘जुनेर’ हा शब्द त्यासाठीच आहे. त्यात काटकसर होती, तान्ह्याच्या कातडीला मऊ कापड हवे हे शहाणपण होते, आणि बोलून न दाखविलेली एक भीतीही होती. पाळणा हलत राहील याची खात्री ज्या काळी कोणालाच देता येत नसे, त्या काळी मूल जन्मण्याआधी नवे कपडे शिवून ठेवणे अनेक घरांत अपशकुनाचे मानीत. ही भीती केवळ अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेऊ नये. भारतात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० साली ही संख्या २८ वर आली होती. ज्या पणज्यांनी घरात चार पाळणे हलवले, त्यांतील अनेकींनी एखादा पाळणा रिकामा झालेलाही पाहिला. म्हणून शिवणटिपण होई ते जन्मानंतर, बारशाच्या आधी, बारा दिवसांच्या घाईत. आणि ही घाई कामाला लागलेल्या सगळ्या बायकांना मोठी प्रिय असे.

या घाईतली मानाची वस्तू म्हणजे कुंची. डोक्यावर टोपी आणि तिच्यातूनच पाठीवर सोडलेला झगा, असे हे वस्त्र. बेळगाव, धारवाड या भागात ती खणाची शिवीत. गुळेदगुड्डचा खण, काठाला गोंडे, कपाळावर मोत्यांची एखादी ओळ. हौशी घरांत तिच्यावर कशिदाही भरीत. धारवाडकडचा कसुती हा कशिदा आपल्या सीमाभागातल्या बायकांना चांगला परिचित आहे. त्याचे गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे चार टाके आहेत. त्यांतील गावंती आणि मुरगी हे टाके नीट घातले म्हणजे कापडाची उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती हे ओळखू येत नाही, आणि पाठीमागे गाठ म्हणून दिसू द्यावयाची नाही. तान्ह्याच्या वस्त्राला याहून योग्य नियम कोणता असेल! गाठ टोचते, हे बाळाला सांगता येत नाही.

मी ख्रिस्ती कुटुंबातील असल्यामुळे मुलासाठी हाताने शिवलेल्या वस्त्राची जी सर्वांत जुनी गोष्ट मला ठाऊक आहे, ती जुन्या करारातील आहे. हन्ना ही निपुत्रिक स्त्री. तिने नवस केला, मुलगा झाला, आणि नवसाप्रमाणे तो अगदी लहान असतानाच तिने त्याला शिलो येथील मंदिरात देवाच्या सेवेस दिले. हाच पुढे शमुवेल संदेष्टा झाला. पुत्र देऊन टाकलेली ही आई दरवर्षी यज्ञाच्या वेळी शिलोला जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेई. शास्त्रकाराने याहून अधिक काही लिहिलेले नाही. परंतु मूल वर्षभर दृष्टीआड असताना त्याच्या अंगाचे माप ती कशावरून घेत असेल, असा प्रश्न शिवणाऱ्या माणसाच्या मनात येतोच. गेल्या वर्षीच्या झग्यात चार बोटे वाढवून, दुसरे काय?

नव्या करारात दुसरी एक शिवणारी भेटते. यापो शहरातील टबीथा, जिला ग्रीक भाषेत दुर्कस म्हणत. ती मरण पावली तेव्हा गावातल्या विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने आपल्यासाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. एखाद्या स्त्रीच्या आयुष्याचा पुरावा म्हणून तिने इतरांसाठी शिवलेले कपडे पुढे करावेत, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या स्त्रियांची जी मंडळे निघाली, त्यांनी तिचेच नाव घेतले. आमच्या घरांतून स्नानसंस्काराच्या वेळी बाळाला जे पांढरे वस्त्र घालतात, तेही पुष्कळदा घरीच केलेले असते, आणि एकाच झग्यात तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा झाल्याची उदाहरणे गोव्यात आणि वसईत दुर्मीळ नाहीत. त्या झग्याच्या गळ्याला आणि घेराला जी जाळी असते, ती क्रोशाची.

आता या सुईकडे वळू. तिचा पूर्वज शोधू गेल्यास तो आपल्या शेजारीच, कच्छ-गुजरातेत सापडण्याचा संभव आहे. आपल्याकडे चांभाराच्या हत्याराला ‘आरी’ म्हणतात. कच्छमधील मोची लोक कातड्यावर कशिदा काढीत. ते काम करता करता त्यांच्या आरीच्या टोकाला बारीक आकडी आली, आणि तीच आरी पुढे रेशमावर चालू लागली. कापड ताणून धरावयाचे, वरून आरी खुपसावयाची, खालच्या हातातील धागा आकडीत अडकवून वर ओढावयाचा, आणि त्या फासातून पुढचा फास काढावयाचा. साखळी टाक्याची ही अशी रांग सुईच्या कामापेक्षा कितीतरी झपाट्याने होते. भूजच्या दरबारासाठी मोच्यांनी केलेले हे भरतकाम ‘मोची भरत’ या नावाने प्रसिद्ध आहे. आणि खंबायतच्या बंदरातून सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने गुजरातचे भरतकाम युरोपात नेले. गुजरातच्या कातड्यावरील सोन्यारुप्याच्या कामाची स्तुती तर मार्को पोलोनेही केलेली आहे. वडोदऱ्याच्या श्रोत्यांनी ही गोष्ट अभिमानाने ऐकण्यास हरकत नाही.

अठराव्या शतकात युरोपातील उच्चभ्रू स्त्रियांना या आकडीच्या कामाचे वेड लागले. ढोलासारख्या गोल चौकटीवर कापड ताणीत, म्हणून फ्रेंच भाषेत त्याला ‘तांबूर’, म्हणजे ढोल, असे नाव पडले. फ्रान्सच्या राजाची प्रिय सखी मादाम द पाँपादूर हिचे १७६३-६४ साली द्रुए या चित्रकाराने काढलेले मोठे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात ती अशाच चौकटीपुढे बसलेली दिसते. कित्येक अभ्यासकांचे मत असे की, पुढे कोणीतरी हा साखळी टाका कापडावाचून, नुसताच हवेत घालून पाहिला, आणि त्यातून क्रोशाचे काम जन्मास आले. हे मत सर्वांना मान्य आहे असे नव्हे; मेंढपाळांच्या जाड आकडीच्या विणीपासून ते निघाले असेही काहींचे म्हणणे आहे. छापील पुरावा मात्र उशिराचा आहे. नेदरलँड्समधील एका स्त्रियांच्या मासिकात १८२३ साली क्रोशाच्या पिशवीची कृती आली. त्याआधीची छापील कृती अजून हाती लागलेली नाही. ‘क्रोशे’ म्हणजे फ्रेंच भाषेत लहान आकडी. इंग्रजांनी तो शब्द घेतला आणि आपण त्याचे ‘क्रोशा’ केले.

साखळी, मुका खांब, खांब. मराठी घरांतील बायकांनी या टाक्यांना दिलेली ही नावे मला मूळ फ्रेंच नावांपेक्षा अधिक चित्रमय वाटतात. ‘मुका खांब’ म्हणजे उंची न घेणारा, बसका टाका. हा शब्द प्रथम कोणी योजला हे शोधण्यास साधन नाही. पण ज्या बाईने तो योजला तिला भाषा चांगली येत होती, एवढे खास.

येथवर ही सगळी हौसेची गोष्ट झाली. हौसेची सुई पोटासाठी चालू लागली ती आयर्लंडात. १८४५ साली तेथे बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण बटाट्यावर अवलंबून होते. पुढील सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्या काळी धान्याची जहाजे आयर्लंडच्या बंदरांतून इंग्लंडला रवाना होतच राहिली, त्या काळची ही गोष्ट आहे. आपल्याकडच्या दुष्काळांचा इतिहास वाचलेल्यांना यात ओळखीचे पुष्कळ दिसेल.

या संकटात कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाईन जोगिणींनी आणि इतर मठांनी मुलींना क्रोशाचे काम शिकवावयास आरंभ केला. उत्तरेकडे मोनाहन परगण्यात क्लोन्स नावाचे गाव आहे. तेथील प्रॉटेस्टंट धर्मगुरूची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ साली तेच केले. पंथ वेगळे होते. भूक एकच होती. उशीवर चकऱ्यांनी लेस विणावयाची तर शिकण्यास वर्षे लागत आणि सामग्रीही बरीच लागे. येथे एक आकडी आणि सुताचा गुंडा एवढ्यावर काम होई. व्हेनिसची उंची लेस एका तुकड्याला जितका वेळ खाई, त्याच्या अल्पांशात आयर्लंडच्या मुली तिच्यासारखी दिसणारी लेस क्रोशावर काढू लागल्या. एकीने गुलाब करावा, दुसरीने तीन पानांचा शॅमरॉक, तिसरीने द्राक्षांचा घोस, आणि चौथीने या सर्वांना जाळीने जोडून गळपट्टा पुरा करावा, अशी कामाची वाटणी असे. घराघरांचे नमुने वेगळे असत, आणि ते कुळाचे गुपित म्हणून जपले जात. एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या नावाच्या बाईंनी याच दशकात लंडनमध्ये नमुन्यांची पुस्तके छापून हे काम श्रीमंत घरांपर्यंत नेले. लंडन आणि पॅरिसच्या स्त्रिया त्या गळपट्ट्यांनी शोभू लागल्या. आणि आयर्लंडच्या कित्येक घरांतून अमेरिकेच्या जहाजाचे भाडे या आकडीने भरले. ज्या मुलीने ते भरले, ती बहुधा स्वतःच त्या जहाजात चढली.

हिंदुस्थानात हे काम आले ते मिशनऱ्यांच्या बायका आणि जोगिणी यांच्या हातून. याआधी १८२१ च्या सुमारास दक्षिणेत नागरकोइल येथे मार्था मॉल्ट या बाईंनी आपल्या शाळेत चकऱ्यांची लेस सुरू केली होती. त्या प्रदेशात त्या वेळी गुलामगिरी होती, आणि लेसच्या कमाईतून काही मुलींनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले, अशी नोंद आहे. सुताच्या जाळीची एवढी मोठी किंमत मला दुसरीकडे कोठे वाचावयास मिळाली नाही.

क्रोशाचे मोठे केंद्र मात्र आंध्रात, गोदावरीच्या त्रिभुजप्रदेशातील नरसापूर येथे झाले. गोदावरीच्या प्रदेशात १८४४ च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनी हे काम आणले. प्रथम ते गरीब ख्रिस्ती घरांतील स्त्रियांच्या हाती होते. नंतर कापू या शेतकरी जातीतील, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियाही ते करू लागल्या. हैदराबादच्या बाजारात ज्यांनी ‘नरसापूर लेस’चे टेबलावरचे रुमाल विकत घेतले असतील, त्यांना हे नाव नवे नाही. २०२४ साली या कामाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. परंतु या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘नरसापूरच्या लेसकरणी’ या विषयावरील ग्रंथात फार स्पष्टपणे मांडली. दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास आकडी चालविणाऱ्या या स्त्रियांना सारे गाव ‘घरी बसलेल्या बायका’ म्हणे. त्यांचे काम हे काम नव्हेच, तो फावल्या वेळाचा उद्योग, असे धरल्यामुळे मजुरी जवळजवळ नाममात्र राहिली. त्यांच्या हातची जाळी युरोप-अमेरिकेत पोचली. व्यापार आणि नफा पुरुषांच्या हाती राहिला. घरात बसून केले म्हणजे ते प्रेमाने केले, आणि प्रेमाने केले म्हणजे त्याचे दाम मागावयाचे नाही! हा हिशेब मोठा सोयीचा आहे, आणि तो केवळ नरसापूरचा नाही.

याच ठिकाणी एक यांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन सुयांवरचे लोकरी विणकाम यंत्राने होते, आणि ती यंत्रे जुनी आहेत. परंतु खऱ्या क्रोशाचा टाका घालणारे यंत्र आजवर कारखान्यांत रुळलेले नाही. बाजारात ‘क्रोशाचे’ म्हणून जे यंत्राचे कापड मिळते, ते क्रोशासारखे दिसणारे दुसरेच विणकाम असते. याचा अर्थ असा की, दुकानात अगदी स्वस्तात मिळालेले क्रोशाचे टोपडे खरोखरच क्रोशाचे असेल, तर तेही कोणाच्या तरी हाताने, टाक्यामागून टाका घालूनच केलेले आहे. हातची वस्तू आणि विकतची वस्तू असा भेद आपण सहज करतो. क्रोशाच्या बाबतीत तो भेद टिकत नाही. भेद उरतो तो करणारीचे नाव आपल्याला ठाऊक आहे की नाही एवढाच.

आमच्या भागात हे काम पसरले ते मुख्यतः मुलींच्या शाळांतून. फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात क्लोदीन तेवने हिने १८१८ साली ‘येशू आणि मरिया’ ही जोगिणींची संस्था स्थापन केली. क्रांतीच्या धामधुमीनंतर अनाथ झालेल्या मुलींना रेशीम विणण्याचे काम शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करणे, हा तिचा आरंभीचा उद्योग होता. या संस्थेच्या जोगिणी १८४२ साली आग्र्याला आल्या, आणि पुढे मुंबई-पुण्याकडेही त्यांच्या शाळा निघाल्या. त्याच वर्षी आयर्लंडच्या प्रेझेंटेशन जोगिणी मद्रासला उतरल्या. मठांच्या बाहेरही हा प्रवाह चालूच होता. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी नावारूपास आणलेल्या सेवासदनात प्रौढ आणि विधवा स्त्रियांसाठी शिवणाचे वर्ग होते. जी बाई शाळेत जाऊन अक्षरे शिकते ती बिघडते, असे म्हणणारे लोक शिवणाच्या वर्गाला सहसा हरकत घेत नसत. आणि शिवणाच्या पिशवीतून पाटी-पुस्तकही आत जात असे. मी स्वतः शिक्षकी पेशात असल्यामुळे या युक्तीविषयी मला मनापासून आदर आहे.

मग हा क्रोशा आमच्या रीतीभातींत असा मिसळला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. रुखवतात क्रोशाचे तोरण आले, ताटावरचे रुमाल आले, पाण्याच्या भांड्यावर काठाला मणी ओवलेली झाकणे आली. इंदूर आणि ग्वाल्हेरकडे थंडी कडक, म्हणून तेथील मराठी घरांत लोकरीचे मोजे-टोपडे बाळंतविड्यात अधिक. कोकणात आणि गोव्यात सुताची जाळी अधिक. हवामानाप्रमाणे धागा बदलला.

गोव्याचे नाव निघालेच आहे, तर शब्दांविषयी थोडे सांगतो. झबल्याला आपण ज्या छिद्रात बटण अडकवितो त्याला ‘काज’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘काझा’, म्हणजे घर, यावरून आला आहे. बटणाचे ते घर. टोपड्याची ‘फीत’ ही पोर्तुगीज ‘फीता’. बार्देशातील आसगावचे सुपुत्र मॉन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फ दालगादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली सिद्ध केला. त्याचा इंग्रजी अनुवाद १९३६ साली प्रसिद्ध झाला तो वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. गोव्याच्या धर्मगुरूने लिस्बनमध्ये बसून केलेले काम मराठी राजाच्या संस्थानात छापले गेले, आणि आपल्या झबल्याच्या काजाचे मूळ आपल्याला कळले. जुन्या गोव्यात १६०६ साली स्थापन झालेल्या सांता मोनिकाच्या मठातील जोगिणींच्या भरतकामाचा लौकिकही मोठा होता; आज त्या वास्तूत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, आणि तेथे जुनी भरजरी उपासनावस्त्रे पाहावयास मिळतात.

शिवणयंत्राचा इतिहास हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. येथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी की, व्यवहारात उपयोगी पडलेले पहिले शिवणयंत्र ज्याने केले, त्या बार्तेलेमी तिमोनिये या फ्रेंच शिंप्याने १८३० साली सनद मिळविली, ती आकडी असलेल्या सुईच्या यंत्राची. ल्योंच्या आसपासच्या खेड्यांत आकडीने साखळी टाका घालणाऱ्या भरतकामवाल्यांना पाहून ती कल्पना त्याला सुचली. म्हणजे मोच्याच्या आरीचा वंशविस्तार येथवरही पोचला. पॅरिसच्या शिंप्यांनी पोटावर पाय येईल या भयाने १८३१ साली त्याची सुमारे ऐंशी यंत्रे मोडून टाकली. दुसरी गोष्ट गांधीजींची. यंत्रांविषयी त्यांचे मत सर्वांना ठाऊक आहे. तथापि १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. आपल्या पत्नीचे शिवताना होणारे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र शोधले, त्यामागे प्रेम होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिंगरसाहेबांचे खरे चरित्र, त्यांचे एकाच वेळी नांदणारे अनेक संसार आणि वीसहून अधिक अपत्ये पाहता, गांधीजींना ही गोष्ट सांगणाऱ्याने थोडी गोड करून सांगितली असावी. पण गांधीजींनी कोणत्या कसोटीने यंत्राला क्षमा केली, हे यातून कळते.

त्याच गांधीजींनी १९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिला लग्नाची भेट पाठविली. स्वतः कातलेल्या सुताचे, क्रोशाने विणलेले जाळीचे वस्त्र, मधोमध ‘जय हिंद’ अशी अक्षरे. राजवाड्यात भेटी मांडल्या होत्या, तेथे वृद्ध मेरी राणीला हा गांधींचा पंचाच आहे असे वाटले आणि ती रुष्ट झाली, अशी हकीकत सांगतात. भेट मात्र नव्या राणीने अखेरपर्यंत जपली. सूत कोणी कातले हे जगाला ठाऊक झाले. आकडी कोणाच्या हातात होती, याची चौकशी करणारे थोडे. गंमत अशी की, क्रोशा इंग्लंडच्या राजघराण्याला नवा नव्हता. व्हिक्टोरिया राणीने ऐंशीच्या घरात असताना, बोअर युद्धातील सैनिकांसाठी स्वतःच्या हाताने खाकी लोकरीचे आठ गळपट्टे क्रोशावर विणले होते. ते शूर शिपायांना बक्षीस म्हणून देण्यात आले. ते युद्ध कोणी आणि कशासाठी लढविले, हे विचारणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते.

राणीच्या गळपट्ट्यांची नोंद झाली. परंतु कापडाच्या सर्वांत हृदयद्रावक नोंदी लंडनमधल्याच दुसऱ्या एका ठिकाणी आहेत. तेथे १७४१ साली टाकून दिलेल्या मुलांसाठी एक आश्रम निघाला. मूल घेताना आईचे नाव विचारीत नसत. पुढे कधी ती परत आली तर ओळख पटावी म्हणून बाळाच्या कपड्याचा एक तुकडा कापून कागदाला टाचून ठेवीत. असे सुमारे पाच हजार तुकडे आजही शिल्लक आहेत. १७४१ ते १७६० या काळात १६,२८२ बालके आली. त्यांपैकी परत नेली गेली ती १५२. पुढे १७६७ च्या फेब्रुवारीत एक मुलगा आला. त्याच्याबरोबर ठिगळे जोडून शिवलेला एक लहानसा तुकडा होता. त्यावर लाल धाग्याने हृदयाची आकृती भरलेली होती, आणि तो तुकडा बरोबर मधून कापलेला होता. दुसरा अर्धा भाग आईजवळ राहिला. १७७५ च्या जूनमध्ये सारा बेंडर नावाची स्त्री तो अर्धा भाग घेऊन आश्रमाच्या दारात उभी राहिली, आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली.

ठिगळांचे काम आपल्याकडे गोधडी, वाकळ, चौघडी अशा नावांनी चालते. कन्नड मुलखात तिला कौदी म्हणतात. बेळगावच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या जंगलपट्टीत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीजांनी गोव्यात आणले. तेथून निसटून कित्येक घाट चढून या रानात शिरले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि आमचे कॅथलिकही आहेत. या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला त्या ‘कवंदी’ म्हणतात. खाली जुने लुगडे पसरतात, एका कोपऱ्यापासून ठिगळ लावावयास आरंभ करतात, आणि धावदोऱ्याने काठाकाठाने फिरत मध्यापर्यंत येतात. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधी क्रूस असतो, मुसलमान घरच्या कवंदीवर चंद्रकोर. तान्ह्यासाठी केलेली कवंदी आकाराने लहान, पण ठिगळांनी आणि रंगांनी सर्वांत भरगच्च असते. काम संपले तरी चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या घातलेल्या कापडाची ‘फुला’ लावावी लागते. ती लावली नाही, तर या बायका म्हणतात, कवंदी नागडी राहिली.